मंडळीतून घरोघरी: आजारी आणि एकट्या माणसांसाठी सेवागट कसा चालवावा

नाताळात ब्लँकेट वाटणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टेम्पो येतो, रांग लागते, फोटो निघतो आणि वार्षिक अहवालात एक ओळ वाढते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, थंडीत ब्लँकेट लागतंच. पण त्याच रांगेतल्या आजीच्या डोळ्यांत फेब्रुवारीत थेंब कोण घालतं? तिच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचा हप्ता का थांबला, हे तहसीलला जाऊन कोण विचारतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, कोणी नाही.

हा लेख त्या कामासाठी आहे. उपासनेला येणाऱ्या आठ-दहा साध्या माणसांनी, नोकरी-संसार सांभाळून, वर्षभर टिकेल असा गट कसा उभा करायचा ते इथे सांगतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. काम लहान ठेवा, पण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी परत जा.

आधी दोन उतारे

गटाच्या पहिल्या बैठकीत बायबलमधल्या मत्तय 25 चा शेवटचा भाग वाचा. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. या सहा गोष्टींपैकी एकीलाही पद लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. शिवाय तिथे आजाऱ्याला बरं केल्याचा उल्लेख नाही, तुरुंगातल्याला सोडवल्याचाही नाही. त्यांच्याकडे जाण्याचा आहे. बरं करणं आपल्या हातात नसतं, जाणं असतं.

दुसरा उतारा प्रेषितांची कृत्ये 6. हा सेवेच्या बैठकीत फार कमी वाचला जातो आणि खरं तर तोच सगळ्यात कामाचा आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, त्यावरून कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. सात माणसं निवडून हे काम त्यांच्यावर सोपवलं. म्हणजे मंडळीतली पहिली सेवासमिती जन्माला आली ती काही नावं यादीतून सुटत होती म्हणून. तेव्हा तुमचं काम यादीपासूनच सुरू होऊ द्या.

यादी: कोणाकडे जायचं ते विचारून ठरवा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आलं. दवाखाना हे त्यांचं क्षेत्र, पण गावकऱ्यांना आधी हवं होतं पाणी आणि अन्न. त्यांनी तिथून सुरुवात केली आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1979 मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमचा गट जामखेडच्या मापाचा नसेल, पण तिथला क्रम उचलण्यासारखा आहे. आधी विचारा, मग ठरवा.

विचारायचं कोणाला? सभासदांची नोंदवही उघडा आणि मागच्या वर्षभरात उपासनेला यायची थांबलेली नावं काढा. त्यातली काही रुसलेली असतात, काही गाव सोडून गेलेली, पण बरीचशी जिना उतरू न शकणारी असतात. मग चर्चच्या चौकीदाराला विचारा, त्याला पाळकांपेक्षा जास्त माहीत असतं. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारा. आशाताईंना विचारा, कारण कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय ते त्यांना तोंडपाठ असतं. मात्र मेडिकलवाल्याकडून किंवा आशाताईंकडून कोणाच्या आजाराचा तपशील काढू नका. ‘तुम्ही त्या घरी विचारून बघाल का, आम्ही आलो तर चालेल का?’ एवढंच.

यादी मंडळीपुरती ठेवू नका. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाची जात-कूळ विचारली नव्हती. तुमच्या भिंतीला लागून राहणारे एकटे जोशीकाका किंवा खाटेवरच्या शेखचाची यादीत नसतील, तर ती यादी अपुरी आहे.

माणसं आणि जोड्या

आठ माणसं पुरे. चार जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला दोन घरं द्या. प्रत्येक घरी पंधरवड्यातून एक फेरी, म्हणजे जोडीच्या वाट्याला आठवड्याला एकच भेट येते. दुकान चालवणारा किंवा शाळेत शिकवणारी बाईही एवढा वेळ काढू शकते. सुरुवातीच्या उत्साहात पंचवीस घरं घेणारे गट मी पाहिलेत. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, संपेपर्यंत त्यांच्यात दोघं उरतात आणि तेही एकमेकांवर चिडलेले.

एकट्याने जायचं नाही. येशूने बारा जणांना पाठवलं ते दोघादोघांनी. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी जी संत व्हिन्सेंट द पॉल संस्था सुरू केली, तिचे सभासदही परंपरेने जोडीनेच घरभेटी देतात. त्यामागे व्यवहार आहे. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याचं लक्ष घराकडे असतं, औषधांच्या पाकिटांकडे असतं. नंतर कोणी पैशाबद्दल किंवा वागण्याबद्दल शंका घेतली तर साक्षीला माणूस असतो. जोडीत निदान एक बाई असावी. अंथरुणावरच्या मावशीची चादर बदलायची वेळ आली की हा नियम का आहे ते कळतं.

पाळकसाहेबांची किंवा फादरांची संमती घ्या, कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात तसा ठराव येऊ द्या, पण काम त्यांच्या खांद्यावर टाकू नका. त्यांची बदली झाली की असं काम त्यांच्याबरोबर जातं. हिशोब एकाकडे, भेटींची वही दुसऱ्याकडे. महिन्यातून एक बैठक, उपासनेनंतर, चहा थंड व्हायच्या आत संपणारी.

भेटीच्या दिवशी

आदल्या दिवशी फोन करा. ‘उद्या साडेचारला येतो, चालेल ना?’ एवढ्या एका वाक्याने घरच्या सुनेला जरा आवरायला वेळ मिळतो आणि आजींना वाट बघायला काहीतरी मिळतं. वेळ पाळा. ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याच्या लेखी पाच वाजता येणं म्हणजे साडेचारला न येणं.

आत गेल्यावर चपला बाहेर, हात साबणाने धुतलेले. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर त्या आठवड्यात जोडीदाराबरोबर दुसरा कोणीतरी जाऊ द्या. खाटेवर बसू नका. स्टूल ओढून रुग्णाच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर बसा. उभ्याने केलेली विचारपूस वॉर्डातल्या राउंडसारखी वाटते. आल्या आल्या ‘प्रार्थना करू या’ म्हणून डोळे मिटू नका. आधी विचारा, ‘आज तुमचं काय काम राहिलंय?’

उत्तर बहुतेकदा अगदी बारीक असतं. पंख्याचा रेग्युलेटर बिघडलाय. शुभवर्तमानाचं पुस्तक वाचायचं तर चष्म्याची दांडी तुटलीय. पायाची नखं वाढलीत, वाकता येत नाही आणि सुनेला सांगायची लाज वाटते. नखं कापायची तर पाय आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, नीट पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मग नखं सरळ कापा, कडा खोल कोरू नका. मधुमेह असेल, पाय बधिर असतील किंवा नखाशी जखम दिसत असेल तर नेलकटर खिशातच ठेवा, ते डॉक्टरांचं काम. बोटांमध्ये, तळव्याला, टाचेला काही चिरलंय का तेवढं बघून घरच्यांना सांगा. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. आपल्या मंडळ्यांत त्यावर उपदेश भरपूर होतात. प्रत्यक्ष घमेलं घेऊन कोणी बसलं की खोलीतली कुजबूज थांबते.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर या गोष्टी बघायला शिका:

- माकडहाड, खुबे, टाचा आणि कोपरांवर लाल किंवा काळसर, हाताला गरम लागणारा डाग आहे का? दाबून फिका पडत नसेल तर अंथरुणजखमेची ती सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही, तेल लावूनही नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या, ओलसरपणा ठेवायचा नाही आणि नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवायचं. हवेच्या गादीने फरक पडतो, पण ती आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.
- जेवताना ठसका लागतो का? भरवायचं ते बसवून, लहान घास, घाई नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. ठसका वारंवार लागत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.
- तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले, तर प्रार्थनेसाठी माणसं गोळा करत बसू नका. 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा, इस्पितळात पहिला प्रश्न तोच असतो.

औषधांबाबत एकच नियम, तुमच्या मनाने काही द्यायचं नाही, काही बंद करायचं नाही. मुदत संपलेली पाकिटं वेगळी काढून घरच्यांना दाखवणं, संपत आलेली गोळी लिहून घेणं, डब्याला सकाळ-दुपार-रात्र अशी चिठ्ठी चिकटवणं, हे जरूर करा.

पाऊण तासात उठा. नंतर माणूस थकतो, पण तुम्हाला जा म्हणत नाही. निघताना पुढची तारीख सांगा. बाहेर पडल्यावर वहीत चार ओळी: तारीख, कोण गेलं, काय दिसलं, पुढच्या वेळी काय न्यायचं. घरातली भांडणं, कोणी कोणाला काय बोललं, ते वहीत नको आणि बैठकीत तर मुळीच नको. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेलं घरगुती दुखणं दुसऱ्या रविवारी सगळ्या मंडळीला माहीत होतं, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

प्रार्थना, आणि उचकवणारा प्रश्न

सेवेबरोबर सुवार्ता सांगायची की नाही, यावर प्रत्येक गटात वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे. औषधाच्या पिशवीत पत्रक टाकायचं नाही. अडलेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याचं ‘हो’ कशाला मोजायचं? ख्रिस्ती घरात विचारा, ‘स्तोत्र वाचू का?’ हो म्हणाले तर 23 वं किंवा 121 वं वाचा, छोटी प्रार्थना करा. प्रभूभोजन किंवा कम्युनियन हवं असेल तर निरोप पोचवा, ते आणणं पाळकांचं, धर्मगुरूंचं काम. इतर घरी प्रार्थनेचा विषय त्यांनी काढला तरच. काढला नाही तर तुमचं येणं वाया गेलं असं मुळीच नाही. कोणी थेट विचारलं, ‘तुम्ही हे का करता?’, तर लपवू नका. ‘आमच्या प्रभूने असं करायला सांगितलंय’, एवढं उत्तर पुरतं.

कागदपत्रं: इथे गटाचा खरा उपयोग होतो

एक फळांची पिशवी दोन दिवसांत संपते. एक मंजूर झालेला अर्ज महिन्यामागून महिने घरात पैसे आणतो. म्हणून गटातल्या निदान एकाने हे नीट शिकून घ्यावं. निवृत्त तलाठी, बँकेतला कारकून, शाळेतले क्लार्क काका असे लोक प्रत्येक मंडळीत असतात आणि त्यांना गाण्याच्या सरावापेक्षा यात जास्त रस असतो.

65 आणि त्यापुढच्या वयाच्या निराधार माणसांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी अशा निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. 2023 मध्ये या दोन्हींची रक्कम दरमहा 1500 रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून होतो. वयाचा पुरावा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक पासबुक लागतं. चालू असलेला हप्ता थांबला तर बहुधा दोनपैकी एक कारण निघतं: हयातीचा दाखला राहिलेला, किंवा आधार खात्याला नीट जोडलेलं नाही. आजींना रिक्षाने बँकेत न्यायचं, अंगठा उमटत नसेल तर व्यवस्थापकांशी बोलायचं, ही तुमची सेवा.

70 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. कार्ड आधारवर निघतं. ते आजारपण यायच्या आधी काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालच्या इस्पितळात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, आत गेल्यावर आधी तिथे जा. धर्मादाय इस्पितळांची गोष्ट तर खुद्द ख्रिस्ती लोकांनाही ठाऊक नसते. राज्यातल्या धर्मादाय न्यासांच्या इस्पितळांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड हातात ठेवून इस्पितळातल्या समाजसेवा विभागाला भेटा. बिल झाल्यावर जाऊ नका, दाखल होतानाच सांगा.

म्हाताऱ्या माणसाला घरातच त्रास दिला जात असेल, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे. मुलाच्या बाबतीत शंका आली तर 1098. अशा वेळी गटाने घरात पंचायत भरवू नये.

पैसा

घरभेटींना पैसा थोडा लागतो: रिक्षाभाडं, एखादं औषध, डायपर, ड्रेसिंगचं सामान. तो जमवायच्या जुन्या रीती अजून चालतात. कापणीच्या सणाला, ज्याला आपण सरसकट हार्वेस्ट म्हणतो, अर्पणात आलेल्या कोंबड्या, अंडी, भोपळ्यांचा लिलाव होतो. त्यातला ठरावीक हिस्सा या कामाला मागून घ्या. मिझोराममधल्या बाया विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वयंपाकाच्या तांदळातून दर वेळी एक मूठ बाजूला काढून चर्चला देतात, ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला. आपल्या महिला मंडळांनाही मूठभर धान्य नवं नाही. संत व्हिन्सेंटच्या गटांत बैठकीच्या शेवटी बंद पिशवी फिरते. कोणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. मला ही रीत फार आवडते. देणगीदारांची फलकावर नावं लिहिणाऱ्या आपल्या सवयीवर तो चांगला उतारा आहे.

हिशोब दर महिन्याला सूचनाफलकावर लावा, ज्या घरांना मदत दिली त्यांची नावं न लिहिता. रोख रक्कम हातात देणं शक्यतो टाळा. मेडिकलचं बिल भरा, किराणा आणून द्या. उसने मागितले तर गट उसने देत नाही असं आधीच ठरलेलं असावं. परदेशातल्या नातेवाइकांनी संस्थेच्या नावे पैसे पाठवायची तयारी दाखवली तर थांबा. त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर बाहेर राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात मोडत नाहीत. तरी चार्टर्ड अकाउंटंटला विचारूनच पुढे जा.

फोटो काढायचा नाही. देणगीदाराला दाखवायला लागतो म्हणाल, तर त्याला हिशोब दाखवा.

घेणाऱ्याकडूनही काहीतरी घ्या

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये या मुलींना बसवून खायला घालणं एवढाच बेत नव्हता. त्या शिकल्या, शेतात राबल्या, छापखाना चालवू लागल्या, मागाहून आलेल्या मुलींना सांभाळू लागल्या. तेच लहान प्रमाणात करा. खाटेवरच्या निवृत्त बाईंकडून मंडळीतल्या दहावीच्या मुलाला फोनवर इंग्रजी शिकवून घ्या. उपासना-संगीतातल्या जुन्या चाली आठवणाऱ्या काकांकडून दोन चाली ध्वनिमुद्रित करून घ्या. आजींनी सोलून दिलेला लसूण मंडळीच्या प्रीतिभोजनात वापरा आणि तसं त्यांना सांगा.

घरातल्या सांभाळणाऱ्या बाईकडे, म्हणजे सुनेकडे किंवा लेकीकडे, वेगळं लक्ष द्या. रुग्णाची चौकशी सगळे करतात. ‘तुम्ही दोन तास बाहेर जाऊन या, आम्ही बसतो’ हे तिला कोणी म्हणत नाही. महिन्यातून एकदा तरी म्हणा.

मृत्युपत्र, जागा, दागिने या विषयांत गटाने पडायचं नाही. साक्षीदार म्हणूनही सही नको. कोणी एकटी बाई मायेने ‘हे घर मंडळीला देते’ म्हणाली तर हात जोडा आणि वकिलाकडे पाठवा.

घरातलं माणूस गेल्यावर

अशा यादीतली माणसं जातात. वर्षभरात एखादं तरी घर तसं होणार, हे गटाने धरून चालावं. दफनाची धावपळ मंडळी करतेच. तुमचं काम त्यानंतरचं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत झाली का, दाखल्याच्या प्रती काढल्या का, बँकेत वारसाचं नाव होतं का, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज गेला का, हे बघा. आणि पंधरवड्याची ती फेरी लगेच बंद करू नका. मागे राहिलेल्या काकांकडे पुढचे तीन-चार महिने त्याच वेळी जात राहा, मग त्यांनाच विचारून ठरवा.

हवेची गादी, वॉकर, कमोडची खुर्ची या गोष्टी बहुधा घरचे स्वतःहून परत देऊ करतात. गादी जंतुनाशकाने पुसून सावलीत पूर्ण वाळवा, पंप चालू करून एखादा तास हवा टिकते का ते बघा, वहीत नोंद करा आणि पुढच्या घरी पाठवा.